ॲडेलआजी, त्या साठ डॉलरबद्दल

ती. ॲडेल स्प्रिंगस्टीन यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही; अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनची आई, एवढीच तुमची मला माहिती. ३१ जानेवारी २०२४ ला तुम्ही गेलात, वयाच्या ९८व्या वर्षी. म्हणजे पत्र पोचायचा प्रश्नच नाही. तरी लिहिते आहे, कारण आमच्या घरातलं महिनाभर धुमसणारं भांडण तुमच्यामुळे मिटलं, आणि केलेल्या उपकाराची चार लोकांत वाच्यता करावी अशी आमच्याकडे रीत आहे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. तुमचं फ्रीहोल्ड इथून गाडीने फार लांब नाही. आता आमच्या गावात कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, सगळं मिळतं. याच गावातल्या फोर्डच्या कारखान्यात तुमचे यजमान डग्लस काही काळ कामाला होते, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. तो कारखाना २००४ साली बंद पडला.

भांडण ड्रम सेटचं होतं. धाकटीला तो हवा होता. आमचे हे म्हणत, आधी कॉलेजचा प्रवेश होऊ दे, मग काय ते बडव. मी दोन्ही डगरींवर पाय ठेवून. एके रात्री तिने जेवताना फोन पुढे केला आणि तुमच्या मुलाचं भाषण लावलं. १५ मार्च १९९९, न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल, नामवंत रॉक कलाकारांचा गौरव करणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा समारंभ. ब्रूस आभार मानता मानता तुमच्यापर्यंत येतो आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळचं सांगतो: रस्त्यावर बर्फाचा चिखल, वाद्यांच्या दुकानाची काच, त्याने बोट दाखवलेली सनबर्स्ट रंगाची गिटार, आणि तुमच्याजवळचे साठ डॉलर. मग म्हणतो, त्या गुंतवणुकीवरचा हा थोडासा परतावा घरी घेऊन जा.

यांनी घास खाली ठेवला. ‘साठ डॉलर तेव्हा किती होते?’ एवढंच विचारलं. हिशेबी माणूस आहे.

त्यानंतर मी तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. लोक ब्रूसबद्दल बोलतात तेव्हा डग्लसबद्दल बोलतात. अंधाऱ्या स्वयंपाकघरात सिगारेट ओढत, बिअर पीत बसलेला बाप, आज गालिच्याच्या गिरणीत, उद्या तुरुंगाचा पहारेकरी, परवा बस ड्रायव्हर. मनाचा आजार, ज्याचं निदान फार उशिरा झालं. त्या बापावर मुलाने किती गाणी केली! तुमच्या वाट्याला ठळक असं एकच आलं, ‘द विश’, त्या गिटारीच्या आठवणीचं, आणि तेही कितीतरी वर्षं पडून राहून १९९८ मध्ये बाहेर आलं. त्याच भाषणात तो गमतीने म्हणतो की वडिलांशी सगळं सुरळीत असतं तर लिहायला काही उरलंच नसतं. खरं असेल. पण घरभाडं तुमच्या पगारातून जात होतं ना?

कायद्याच्या कामाच्या कचेरीत सेक्रेटरी, वर्षानुवर्षं. सकाळी कपडे इस्त्रीचे, केस नीट, उंच टाचांचे बूट घालून चालत कामावर. ज्या घरातून निघायचात त्या घरात नळाला गरम पाणी नव्हतं. मुलाने पुढे सांगितलं की काम आनंदाने आणि ताठ मानेने करायची गोष्ट असते हे तो आईकडून शिकला. तीन-तीन, चार-चार तास घामाघूम होऊन गाणाऱ्या या माणसाला ‘बॉस’ म्हणतात. त्याची ती चिकाटी कचेरीतली आहे, असं माझं ठाम मत झालंय.

एक गोष्ट मला फार आवडली. १९५६ साली टीव्हीवर गायक एल्विस प्रेस्लीला पाहून सात वर्षांच्या ब्रूसने गिटार मागितली. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तुम्ही ती भाड्याने आणली. हात एवढेसे, तारा काही दबेनात, थोड्याच दिवसांत गिटार परत गेली. आमच्याकडे हे एवढं पुरलं असतं! ‘तेव्हा नाही का हौस करून पाहिली’ हे वाक्य पुढची दहा वर्षं वापरलं असतं. बीटल्स हा इंग्लिश बँड गाजू लागला तेव्हा पोराने किरकोळ कामं करून अठरा डॉलरची एक गिटार स्वतः घेतली. आणि मग ती साठ डॉलरची, केंट नावाची स्वस्तातली जपानी इलेक्ट्रिक गिटार, तुम्ही कर्ज काढून घेतलीत. नवऱ्याला त्या गिटारीचा तिटकारा होता, आणि परत गेलेली पहिली गिटार तुम्ही विसरला नसणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९६९ मध्ये तुम्ही दोघं धाकट्या मुलीला घेऊन कॅलिफोर्नियाला गेलात आणि एकोणीस वर्षांचा ब्रूस जर्सीतच राहिला. १९७२ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या जॉन हॅमंडने त्याला ऐकून करारबद्ध केलं. पहिल्या दोन रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत, तिसरीच्या वेळी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर एकाच आठवड्यात तो. हॅमंडचं नाव प्रत्येक चरित्रात येतं, समीक्षक आणि पुढे मॅनेजर झालेल्या जॉन लँडॉचंही. कर्जाचे हप्ते कुणी फेडले याला सहसा एक ओळ मिळते.

तुमचं नाचणं मी व्हिडिओत पाहिलं. नव्वदीच्या आसपास, भर मैफलीत, मुलाचा हात धरून. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या कार्यक्रमात ब्रूस सांगायचा की अल्झायमरने आईचं बरंच काही नेलं, पण नाच नाही नेला. तिथे मात्र माझ्याच्याने पुढे ऐकवेना, मी भांडी घासायला उठले.

तर, ड्रम सेट आला. जुना, हप्त्यांवर. धाकटी तळघरात वाजवते. ठेका अजून पळतो, आणि पुढे तिचं यात काही होईल असं मला वाटत नाही. तुम्हालाही तेव्हा कुठे काय वाटत होतं? गिटार हवी होती, तुम्ही घेतलीत. एवढंच माझ्या डोक्यात शिरायला महिना गेला, आणि तुमच्याखेरीज ते कुणी शिरवलं नसतं. म्हणून हे आभार.

१९९४ मध्ये ब्रूसने ऑस्कर जिंकून वडिलांपुढे ठेवलं, तेव्हा डग्लस म्हणाले म्हणे की यापुढे मी कुणाला काय करावं ते सांगणार नाही. आमचे हे अजून त्या पायरीवर आलेले नाहीत. रात्री नऊ वाजले की जिन्यावरून ओरडतात. परवा मात्र बेस ड्रमचं पेडल करकरत होतं, तर कुणाला न सांगता स्वतःच तेल घालून आले, आणि वर येऊन म्हणाले, आवाज सहन होत नव्हता म्हणून.

तुमची,
एडिसनची एक आई