जुनं प्लास्टर फोडणाऱ्या सभासदांसाठी

पावसाळ्याआधी बऱ्याच घरांत काम निघालंय, म्हणून ही सूचना. आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा. भिंतीतली जुनी वायरिंग कुठून कुठे वळलीय हे कोणालाच आठवत नसतं. मग पाणी मारा, धूळ बसते. छिन्नी-हातोडीच वापरा, फोडायचं ब्रेकर मशीन नको. बीम-कॉलममध्ये गंजलेली सळई दिसली तर तिथेच थांबून कमिटीला कळवा, वरून गिलावा थापून झाकू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, लहान मुलांना लांब ठेवा.

राडारोडा रोजच्या रोज खाली न्यायचा, गॅलरीत ढीग नको. आणि गोणी अर्धीच भरा! गेल्या वेळी एक लिफ्टमध्ये फुटली, दाराच्या खाचेतली वाळू आम्ही दोन दिवस झाडूच्या काडीने काढत होतो.

– सचिव