एकरी उताऱ्याच्या शेजारी पाऊस पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रब्बी ज्वारीच्या उताऱ्याची तालुकावार यादी पेपरात आली, आमचा तालुका खालून तिसरा, आणि खाली लिहिलेलं की इथले शेतकरी अजून जुन्याच पद्धतीनं शेती करतात. वाचून फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

घरचंच सांगतो. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी मालदांडीच पेरली, एकाच आठवड्यात, पाभर पण एकच. त्याचं रान ओढ्याकडचं, काळं, चार फूट खणलं तरी मुरूम लागत नाही, माझं माळाचं, हातभर खाली मुरूम. रब्बी ज्वारी येते जमिनीत मुरलेल्या ओलीवर, त्यामुळे हस्त कोरडा गेला त्या वर्षी त्याला एकरी सात पोती झाली नि मला तीन. माझी तर एक खुरपणी जास्तच झालेली. मग मी आळशी कसा?

हा प्रश्न अभ्यासकांनी कधीच हातात घेतलाय. 1957 ला फॅरेल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञानं मांडलं की तेवढ्याच जमीन-खत-मजुरीत जो सगळ्यात जास्त पिकवतो त्याच्याशी बाकीच्यांची तुलना करा, सरासरीशी नको. पण त्यात जी तूट निघायची ती सगळी शेतकऱ्याच्याच माथी. मग 1977 ला अमेरिकेत आणि बेल्जियममध्ये दोन गटांनी आपापलं काम करून त्या तुटीचे दोन भाग पाडले. पाऊस, कीड, नशीब हे कधी वर नेतं कधी खाली, ढिलाई मात्र कायम खालीच ओढते, त्यामुळे आकडे खालच्या बाजूला किती झुकलेत त्यावरून दोन्ही वेगळं काढता येतं. आणि त्याच शेतकऱ्याची पाच-दहा वर्षांची नोंद असेल तर अंदाज आणखी पक्का होतो.

हे काही फक्त परदेशातलं नाही हो. बॅटीज आणि कोएली या अर्थशास्त्रज्ञांनी 1992 ला ही पद्धत लावली ती तेलंगणातल्या औरेपल्लीच्या भातशेतकऱ्यांवर, आणि त्यांना आकडे मिळाले इक्रिसॅटच्या, म्हणजे हैदराबादजवळच्या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या, गावनोंदींतून. 1975 पासून इक्रिसॅटची माणसं गावात राहून कोणी किती दिवस मजूर लावले, किती खत टाकलं, काय पिकलं हे घरोघरी लिहून घ्यायची. त्याच सहा गावांत आपल्या सोलापूरची शिरापूर, कळमण आणि अकोल्याची कांझरा, किनखेड पण होती! म्हणजे आपल्याच मातीत एवढं बारकाईनं मोजलं गेलं आणि आपण अजून एका आकड्यावर तालुक्याला नापास करतो.

उसाचं पण तेच, आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो, सुरू बारा महिने, आणि दोघांचा टनेज एकाच रांगेत छापतात, पाणी किती प्यायला ते तर कुठंच नसतं.

पुढची यादी येईल तेव्हा त्या हंगामाचा पाऊस आणि बागायत किती टक्के, एवढे दोन रकाने वाढवा ही कळकळीची विनंती. जागा पुरत नसेल तर नंबराचा रकाना काढा.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी, जि. सोलापूर