‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे दोन तासांनी म्हणावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळ रडले की बाहेर निरोप जातो, ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत’. बाळापुरता तो बहुतेक वेळा खरा असतो. बाळंतिणीबद्दल मात्र त्या घडीला कुणालाच खात्रीने काही सांगता येत नाही. वार (प्लासेंटा) अजून पडायची असते, आणि तिच्या जिवाला खरा धोका असतो तो वार सुटल्यापासून पुढचे साधारण दोन तास. नेमकी याच वेळी प्रसूती कक्षातली परिचारिका दुसऱ्या खाटेकडे, नोंदवहीकडे किंवा बाळाच्या वजनाकडे ओढली जाते. प्रसूती कक्षात किती माणसे हवीत याचा हिशेब बाळ बाहेर येईपर्यंतचाच धरला जातो, म्हणून हे पत्र.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असते. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात आणि भोवतीचा स्नायू आवळला तरच ती मिटतात. प्रसूतीनंतर होणाऱ्या जास्त रक्तस्रावांपैकी सुमारे ७० टक्के केवळ गर्भाशय ढिले राहिल्याने होतात. म्हणून बाळ आल्यावर पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही ना हे पाहायचे आणि एका मिनिटाच्या आत गर्भाशय आवळणारे १० युनिट ऑक्सिटोसिन मांडीत द्यायचे. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. सकाळी ट्रेमध्ये काढून ठेवलेली अँप्युल संध्याकाळीही तशीच स्वच्छ दिसते; तिचा जोर कमी झाला आहे की नाही हे बघून कळत नाही. ‘इंजेक्शन देऊनही गर्भाशय आवळले नाही’ अशी नोंद असेल तर आधी फ्रीजचे तापमान तपासावे.

नाळ १ ते ३ मिनिटांनी बांधावी. वारेसाठी नाळ ओढायची ती गर्भाशय आवळलेले असतानाच, आणि दुसऱ्या हाताने ओटीपोटाच्या हाडाच्या वर गर्भाशय मागे-वर रेटून धरून. ढिल्या गर्भाशयावर घाईने ओढले तर नाळ तुटते, नाहीतर गर्भाशयच उलटे होऊन बाहेर येते. वार पडली की ती पसरून सगळे भाग जागेवर आहेत का आणि पडदा पुरा आहे का हे पाहायला एक मिनिट पुरते. हे एक मिनिट बहुतेकदा बादलीत जाते.

आता मुख्य मुद्दा. रक्त नजरेने मोजता येत नाही, आणि रक्त जितके जास्त तितका अंदाज कमी ठरतो. ते चादरीत मुरते, गर्भजलात मिसळते, पाठीखाली साचते. बाळ आल्यावर मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी कमरेखाली सरकवली तर आकडा समोर दिसतो. पिशवी नसेल तर वजन करावे: १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिलिटर. कोरे पॅड ६० ग्रॅमचे आणि भिजल्यावर ३१० ग्रॅमचे भरले तर २५० मिलिलिटर गेले. (यासाठी छोटा वेगळा काटा ठेवावा, बाळाच्या काट्यावर पॅड तोलू नयेत, हे सांगावे लागू नये, पण लागते.) आफ्रिकेतल्या चार देशांतील ८० रुग्णालयांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी पिशवी आणि लगेच एकत्र दिलेले उपचार यांमुळे अतिगंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे आणि त्याने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. त्या पिशवीत कोणतीही नवी विद्या नाही.

‘एकत्र’ हा शब्द महत्त्वाचा. जुनी सवय अशी की आधी पोट चोळून बघायचे, मग इंजेक्शन, मग वाट पाहायची, मग सलाइन. तोवर अर्धा तास जातो. चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्त थांबायला मदत करणारे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत, सलाइन, मूत्राशय रिकामे करणे आणि जखम कुठे आहे हे शोधणे, सगळे एकाच वेळी सुरू व्हायला हवे. ट्रानेक्झॅमिक प्रसूतीनंतर ३ तासांच्या आतच द्यायचे. ५०० मिलिलिटरची वाट पाहणेही आता जुने झाले: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३०० मिलिलिटर रक्त गेले असताना नाडी किंवा रक्तदाब बिघडला, तर तिथेच उपचार सुरू करायचे.

नाडी-रक्तदाबाची दर पंधरा मिनिटांनी एक म्हणजे दोन तासांत आठ नोंदी. त्या आठही ‘१२०/८०’ आणि एकाच पेनाने सलग लिहिलेल्या दिसल्या, तर त्या खाटेपाशी कुणी गेलेच नव्हते असे समजावे. धडधाकट तरुण बाई लिटरभर रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकवून धरू शकते. त्याआधी वाढते ती नाडी. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापुढे गेला तर हाक मारायला उशीरच झाला आहे. प्रत्येक वेळी पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखे कडक आणि बेंबीच्या आसपास आहे का हे बघायचे. ते वर चढून एका बाजूला सरकले असेल तर मूत्राशय भरलेले आहे. लघवी झाल्याशिवाय ते नीट आवळणार नाही. गर्भाशय कडक असूनही रक्त वाहत असेल तर बहुधा योनीमार्गात किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी फाटले आहे, चोळत बसून उपयोग नाही. बाहेर रक्त नाही, पण बाई ‘शौचाच्या जागी फार दाब येतो’ म्हणत कण्हते आहे, तर आत रक्ताची गाठ साचत असू शकते. ‘टाके आहेत, दुखणारच’ या उत्तराने ती हमखास निसटते. प्रसूतीनंतर हुडहुडी भरणे बहुधा निरुपद्रवी असते, पण ब्लँकेट घालण्यापूर्वी नाडी मोजावी आणि घातल्यावर दर वेळी ते उचलून कमरेखाली हात घालून पाहावे. जाड ब्लँकेटखाली बरेच काही लपते.

बाळाचे काम याच खाटेवर व्हावे. कोरडे पुसून, ओले फडके टाकून, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून कोरडे कापड. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत हवे, आणि आईच्या अंगाइतकी बरी ऊब वेगळ्या पेटीत नाही. पुसूनही श्वास घेत नसेल तर पहिले मिनिट संपण्याआधी बॅग-मास्कने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास द्यायचा. पहिल्या तासात बाळ चोखू लागले की आईचे स्वतःचे ऑक्सिटोसिन सुटते आणि गर्भाशय आवळते. म्हणजे बाळाला वजनासाठी उचलून नेणे आईलाही महागात पडते. वजन आणि १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन केचे इंजेक्शन तासाभराने चालते. मात्र थकून डोळा लागलेल्या आईच्या छातीवर बाळाचे नाक दबले तर ते झोपल्यासारखेच दिसते. त्याची मान, नाक, रंग आणि श्वास त्याच पंधरा मिनिटांच्या फेरीत पाहावे, आणि फेऱ्यांच्या मधल्या वेळेतही जवळ जागे माणूस हवे.

हे सारे एका परिचारिकेकडून नीट होते, पण त्या दोन तासांत तिच्याकडे दुसरी प्रसूती नसेल तरच. ड्यूटी लावताना तिचे नाव दोन तासांसाठी त्या खाटेपुढे लिहावे, आणि पाळी बदलत असेल तर नव्या परिचारिकेने स्वतः पोटावर हात ठेवल्याशिवाय जुनीने जाऊ नये. वॉर्डात पाठवताना चिठ्ठीवर ‘रक्तस्राव सामान्य’ असे लिहायचे बंद करावे; तिथे मिलिलिटरचा आकडा, शेवटची नाडी आणि लघवी किती वाजता झाली हे लिहावे.

– प्रसूती कक्षात काम करणाऱ्या परिचारिका