खरखरीचा हिशेब

नंदुरबार,
आखाजीच्या आधीचा रविवार

चि. वैदेही,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेवरच्या सेमिनारची तुझी यादी वाचली. ट्रान्झिस्टर १९४७, सौरघट १९५४, युनिक्स ही संगणकप्रणाली आणि सीसीडी ही कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप १९६९. सगळं बरोबर आहे, पण ही यादी स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात सापडते. १९२५ साली सुरू झालेल्या त्या प्रयोगशाळेचं रोजचं काम एकच होतं, माणसाचं बोलणं तारेतून आणि हवेतून लांबवर स्वच्छ पोचवणं. त्यात आडवी येई ती खरखर. तिथलं काही उत्तम संशोधन या खरखरीच्या पाठलागातून निघालं आहे. तू सेमिनार यावरच बेत, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात तिथल्या जॉन्सनपासून कर. व्हॅक्यूम ट्यूबच्या अँप्लिफायरमधली खरखर तपासताना त्याला दिसलं की तिचा एक भाग ट्यूबचा नसून इनपुटला जोडलेल्या रेझिस्टरचा आहे. रेझिस्टर कशाचा बनवला आहे याने फरक पडत नाही. रोध किती आणि तापमान किती, एवढंच मोजायचं. प्रयोगशाळेची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीतल्या नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं आणि १९२८ मध्ये दोघांचे लेख एकत्रच छापले गेले. व्होल्टेजचा वर्ग म्हणजे चार गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक, गुणिले केल्विनमधलं तापमान, गुणिले रोध, गुणिले बँडविड्थ, म्हणजे मोजायच्या पट्ट्याची रुंदी. हे सूत्र तुझ्या टेबलावर पडताळता येतं, ते कसं हे पुढे लिहिते.

खरखर असताना तारेतून जास्तीत जास्त किती माहिती पाठवता येते ते सांगणाऱ्या शॅननवर दोनच मिनिटं दे, नाहीतर सगळा वेळ तोच खाईल. १९४८ च्या त्याच्या सूत्रात टेलिफोनचा ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा घाल आणि संदेशाची शक्ती खरखरीच्या हजारपट धर. सेकंदाला सुमारे ३०,९०० बिट येतात. जुने टेलिफोन मोडेम याच्याच आसपास येऊन थांबले होते.

तिथल्याच जान्स्की या इंजिनिअरला काम दिलं होतं, समुद्रापार जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनला कोणता गोंगाट त्रास देतो ते शोधण्याचं. २०.५ मेगाहर्ट्झवर चालणारा, चाकांवर गोल फिरणारा अँटेना त्याने न्यू जर्सीतल्या होल्मडेलला उभारला. जवळची वादळं सापडली, लांबची सापडली, आणि शिवाय एक मंद, सलग सुस्कारा उरला. तो रोज चार मिनिटं लवकर येई. २४ तासांऐवजी २३ तास ५६ मिनिटं, म्हणजे सूर्याचं नव्हे, ताऱ्यांचं घड्याळ. १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की हा आवाज आकाशगंगेतून येतो.

पण खरा वेळ पेन्झियास आणि विल्सन यांना दे. त्यांच्या अँटेनात उरलेली खरखर ही बिग बँगची उरलेली ऊब होती, ही गोष्ट सांगू नकोस, ती सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा जमाखर्च फळ्यावर मांड. अँटेना सरळ वर केला की ४०८० मेगाहर्ट्झवर एकूण ६.७ केल्विन (इथे खरखर तापमानात मोजतात). त्यातून वातावरणाचे २.३ वजा. अँटेनाच्या धातूतले ०.८ वजा. मागून, जमिनीकडून शिरणारं फार तर ०.१. उरले ३.५. यातली प्रत्येक रक्कम वेगळी तपासलेली होती. वातावरणाचा हिस्सा कळावा म्हणून अँटेना क्षितिजाकडे झुकवला; हवेचा थर जाड झाला की वाचन किती वाढतं त्यावरून तो आकडा ठरतो. तुलनेसाठी द्रवरूप हेलियमने थंड केलेला संदर्भ होता. सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली, कबुतरं हाकलून त्यांची घाणही साफ केली. तरी ३.५ जाईनात. बाकीच्या रकमा इतक्या चोख नसत्या, तर हे साडेतीन केल्विन 'किरकोळ त्रुटी' म्हणून खपून गेले असते. १९७८ चं नोबेल या वजाबाकीला मिळालं, असंच मी म्हणेन.

आता तुझं टेबल, जॉन्सनचं सूत्र पडताळायला. १०० किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर घे. एक मेगाओहम घ्यावासा वाटेल, कारण खरखर जास्त मिळते. पण २० पिकोफॅरडची भटकी कपॅसिटन्स त्याला ८ किलोहर्ट्झवरच कापते. खरखर मोठी करायला टीएल ०७२ हा अँप्लिफायरचा आयसी वापर. ५५३४ या आयसीची व्होल्टेज-खरखर कमी असते म्हणून तो घेऊ नकोस. त्याच्या इनपुटची करंट-खरखर दर रूट-हर्ट्झला जवळपास अर्धा पिकोअँपिअर आहे, ती १०० किलोओहममधून गेली की ५० नॅनोव्होल्ट होते, आणि रेझिस्टरची स्वतःची ४१ च आहे! गेन, म्हणजे किती पट मोठं करायचं ते, दोन टप्प्यांत घे, प्रत्येकी ३१, म्हणजे १ किलोओहम आणि ३० किलोओहम. एकाच टप्प्यात हजारपट घेतलीस तर पट्टा ३ किलोहर्ट्झवर येऊन बसेल. दोन टप्प्यांमधल्या कपॅसिटरने ५०० हर्ट्झच्या खालचं अडव, शेवटी १० किलोहर्ट्झचा साधा आरसी फिल्टर लाव. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. डबा ग्राउंडला जोडलेला हवा, नाहीतर ५० हर्ट्झची घूं घूं सगळं झाकून टाकेल.

फसगत इथे होते: एका टप्प्याच्या फिल्टरची खरखरीसाठीची बँडविड्थ १० किलोहर्ट्झ नसून त्याच्या १.५७ पट, म्हणजे १५.७ किलोहर्ट्झ असते. हे विसरलीस तर उत्तर पंचवीस टक्के जास्त येईल आणि तू उगाच सोल्डरिंगला दोष देशील. मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीवरून मोजणारा हवा, आणि तो १५-२० किलोहर्ट्झपर्यंत खरं दाखवतो का हेही पाहा. सरासरी मोजणारा मीटर अशा खरखरीला ११ टक्के कमी दाखवतो. गेन कागदावरून धरू नकोस. १००० ला १ च्या डिव्हायडरमधून इनपुटला १ मिलिव्होल्टची साइन पोचव आणि मोज.

आधी रेझिस्टरच्या जागी तार लावून वाचन घे. साधारण २.२ मिलिव्होल्ट यायला हवेत, ही आयसीची खरखर. मग रेझिस्टर लाव, ५.४ च्या आसपास येतील. वजाबाकी वर्गांची करायची, सरळ नाही. उरतात ४.९, आणि सूत्रही तेच सांगतं. जळगावच्या ४५ अंशांत एकदा आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत एकदा मोजलंस, तर साडेपाच टक्क्यांचा फरक दिसायला हवा. तारेचं वाचन मात्र दोन्ही वेळा नव्याने घे.

प्रत्येक आकडा बांधीव वहीत शाईने, तारखेसह लिही. खोडलेलाही वाचता यावा. मूळ नोंदी पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेव. बेल प्रयोगशाळेतच यान हेन्ड्रिक श्योन या संशोधकाचं बनावट आकड्यांचं प्रकरण घडलं, तेही सेमिनारमध्ये टाळू नकोस. वेगवेगळ्या उपकरणांच्या त्याच्या आलेखांत खरखर रेघेला रेघ तीच निघाली, आणि ती कधीच तशी येत नाही. २००२ च्या चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध धरलं. त्याच्याकडे नीट ठेवलेल्या वह्या नव्हत्या, मूळ नोंदी बहुतेक पुसलेल्या होत्या.

आखाजीला येताना डबा आणि वही दोन्ही आण. खापरावरच्या पुरणपोळ्या दुपारी करू. सकाळी उन्हं चढायच्या आत तारेचं वाचन घेऊन टाकू.

तुझी,
आई