बसमधला वेळ

दोडामार्ग,
ऑगस्ट २०२५

प्रिय मंदे,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर उद्या लिहू, परवा लिहू करत राहिले, कारण तू विचारलंयस ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. फोनवर सांगायचं तर इथे पावसात फोन लागतो तेव्हा लाइट नसते आणि लाइट असते तेव्हा रेंज नसते. आज दोन्ही नाही, म्हणून निवांत लिहायला बसलेय.

अथर्वला नववीतून काढून घरी शिकवायचं तुझ्या मनात आहे. "तू केलंस, तुझं कसं झालं ते खरं खरं सांग," असं तू लिहिलंयस. तर खरं खरं सांगते. आधीच बजावते, यातून "हो कर" किंवा "नको करू" असं काही निघणार नाही.

आम्ही २०२० मध्ये लॉकडाउनला सासऱ्यांच्या घरी आलो ते राहिलोच, हे तुला माहीतच आहे. सईची पुण्यातली इंग्रजी शाळा सुटली. इथे त्या माध्यमाची सोय मनासारखी नव्हती, म्हणून तिला बाहेरगावी घातलं. रोज जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये. पोर संध्याकाळी यायची ती सुकलेल्या भाजीसारखी, आणि दप्तरात काय, तर फळ्यावरून उतरवून घेतलेली उत्तरं. आठवीत वर्षभर गणिताला शिक्षकच नव्हते. मी हिशेब मांडला: रोजचे तीन तास म्हणजे आठवड्याचे अठरा. एवढ्या वेळात घरी काय काय होईल! हा हिशेब मी सगळ्यांना ऐकवला. सासूबाईंना, शेजारणींना, तुलाही ऐकवला होता, आठवतंय? २०२३ च्या जूनमध्ये सई आणि धाकटा ओम, दोघांनाही शाळेतून काढलं.

पहिला धक्का ओमच्या बाबतीत बसला. तेव्हा तो बारा वर्षांचा. शाळाबाह्य मुलांची पाहणी करत गुरुजी दारात आले. भला माणूस, चहा घेतला, वाडीतल्या पोफळींची चौकशी केली आणि रकान्यात ओमचं नाव लिहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा आहे आणि घरी शिकवण्याबद्दल त्यात धड हो नाही की नाही नाही. पण ते गेल्यावर ओमने विचारलं, "आई, शाळाबाह्य म्हणजे काय? मी बाह्य झालो?" रात्रभर मला झोप नाही. चार महिन्यांनी त्याला गावच्या मराठी शाळेत परत घातला. तो आनंदाने गेला, आठवी केली आणि चौदा पूर्ण झाल्यावर यंदा स्वतःहून म्हणाला, आता घरी शिकतो. अथर्व किती वर्षांचा आहे, ते आधी बघ. चौदाच्या पुढे गेला असेल तर ही कटकट तुझ्या वाट्याला नाही.

शेजारपाजारचं विचारू नकोस. "चेडू घराकच कित्याक आसा? बरा नाय काय तेका?" हे मी वर्षभर ऐकलं. सईला काहीतरी दुखणं असणार आणि आम्ही ते लपवतोय, अशी अर्ध्या गावाची खात्री होती.

आता कामाचं. दहावीला दोन वाटा होत्या. एक आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा, दुसरी एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा. आम्ही दुसरी धरली, कारण तिथे विषय निवडता येतात आणि एका दमात सगळी परीक्षा द्यावी लागत नाही. वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय, त्यात एक भाषा हवीच, वर आणखी दोन घेता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी. ३३ टक्क्यांना पास. सईने मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, गृहविज्ञान घेतलं आणि हौसेने चित्रकला. दोन विषय ऑक्टोबरला उडवले, उरलेले यंदा एप्रिलला. नऊ संधी ऐकून तिच्यापेक्षा माझ्याच छातीवरचा धोंडा उतरला.

पण हे सोपं वाटतं तसं नाही गं. त्यात टीएमए म्हणून घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट असतात, त्यांना २० टक्के वजन. सईने चार रात्री जागून लिहिल्या, आम्ही वेळेत दिल्या आणि ऑक्टोबरच्या निकालात गणिताच्या त्या रकान्यात शून्य! अभ्यासकेंद्राला फोन केले, मेल केले. शेवटी यांनी रजा टाकून जाऊन बघितलं तर वही तिथेच, दुसऱ्या कुणाच्या तरी गठ्ठ्यात. निस्तरायला दोन महिने गेले. तेव्हापासून घरातून कागद बाहेर पडला की आधी त्याचा फोटो काढायचा आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. माझ्याकडे आता अशा पावत्यांची फाइल आहे, पोरांच्या पुस्तकांपेक्षा जाड.

परीक्षेचं केंद्रही लांब आलं. घाट चढून एसटीने चार तास. एप्रिलच्या उन्हात स्टँडजवळच्या लॉजमध्ये आम्ही दोघी सहा दिवस राहिलो. खिडकीखाली रात्रभर एसटीचे हॉर्न, आणि सई कॉटवर मांडी घालून रासायनिक समीकरणं जुळवतेय. पहिल्या पेपरला आत जाताना तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी समोरच्या टपरीवर तीन तासांत पाच चहा प्यायले.

घरी शिकताना काय मिळालं ते सांगते, नाहीतर तुला वाटेल ही रडतच बसलीय.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर काढायचं होतं. घरात प्रयोगशाळा कुठली? ह्यांचा दाढीचा आरसा, एक बाजू मोठं दाखवणारी, तो अंतर्गोलच की. मागल्या खोलीचं दार लावून घेतलं, एकच खिडकी उघडी. सईने आरसा खिडकीकडे तोंड करून धरला, ओमने समोर थोडा बाजूला कोरा कागद धरला आणि हळूहळू पुढे-मागे करत राहिला. आधी नुसता उजेडाचा डाग. मग एकदम कागदावर आमची परसातली पोफळ उभी राहिली. उभी कसली, उलटी! शेंडा खाली, मूळ वर, पानं वाऱ्याने हलताहेत, आणि मधून सासूबाई डोकं खाली पाय वर अशा गोवऱ्या घेऊन चालल्यात. दोघंही ओरडले. आरशापासून कागदापर्यंत पट्टी लावली आणि आकडा मिळाला. मग सासूबाईंना आत बोलावून वाडी उलटी दाखवली. त्या म्हणाल्या, "ह्या आदी माका कोणी कित्याक दाखवल्यान नाय?" शाळेतल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत हे वाक्य आलं असतं का?

ओमचं वेगळंच. त्याला पुस्तकात गोडी नाही, पण काजूच्या हंगामात त्याने घरचा हिशेब हातात घेतला. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो, म्हणजे व्यापारी बी कितीला घेतो, गर कितीला विकतो, फोडणाऱ्या बायकांना काय पडतं, वाळवणीत किती घटतं. शेकडेवारी त्याला इथे समजली. आणि हत्ती. कर्नाटकातून हत्ती इकडे उतरायला लागले ते २००२ च्या सुमाराला, तेव्हापासून माड आणि केळी मोडणं चालूच आहे. गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांचे सात माड एका रात्रीत आडवे झाले. ते ओमकडे आले, "बाबू, माका अर्ज लिवन दी." त्याने "विषय : हत्तींनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा होणेबाबत" असं सुबक अक्षरात लिहिलं. सातबारा मागून घेतला, झाडांची वयं विचारून घेतली. मग दुसरे आले, तिसरे आले. आता वाडीत त्याला "वकील" म्हणतात. अर्जलेखन हा मराठीच्या पेपरात काही गुणांचा प्रश्न असतो, मंदे. आमच्याकडे त्यावर नारळ मिळतात.

आता दुसरी बाजू. हे लिहायलाच मी महिना लावला.

दुसऱ्या वर्षी सई गप्प होत गेली. भांडण नाही, तक्रार नाही, विचारलं की "काही नाही." मी अभ्यासाचा ताण समजले. विषय बदलून बघितले, सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिरात नेऊन पुस्तकं दाखवली, मोती तलावाकाठी भेळ खाल्ली. घरी आली की पुन्हा तेच. मग एक दिवस मी मेडिकलमध्ये सासऱ्यांच्या गोळ्या घ्यायला गेले होते. पाचची बस आली. समोर स्टँडच्या बाकावर सई बसलेली. तिला कुठे जायचं नव्हतं, कुणी येणारही नव्हतं. बसमधून तिच्या जुन्या शाळेच्या मुली उतरल्या. एकीची वेणी सुटलेली, दुसरीने तिची रिबन पळवलेली, एकच वडापाव चौघींत. सई नुसती बघत होती. एकीने हात केला, हिनेही केला. त्या निघून गेल्या, ही आणखी थोडा वेळ बसली आणि उठून घराकडे चालायला लागली. मी गोळ्या हातात घेऊन तशीच उभी. नंतर कळलं, महिन्याभरापासून ती असं करत होती.

ते बसमधले तीन तास, मंदे. मी वाया जाणारे म्हणून मोजले होते ते. तिची शाळा तेवढीच होती, बाकीची नुसती इमारत. ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि त्या जागी मला बसवलं. पंधरा वर्षांच्या मुलीला अठरा तास आई! मी चांगली आई असेन, पण रिबन पळवणारी मैत्रीण नाही होऊ शकत.

पुण्यात अथर्वला क्लास आहेत, मैदान आहे, ट्रेकिंगची टोळी आहे, घरी शिकणाऱ्या मुलांचे गट आहेत. इथे पाच मिनिटांवर गोव्याची हद्द आहे, पण सईच्या वयाची, दुपारी बारा वाजता मोकळी असलेली दुसरी मुलगी पंचक्रोशीत नाही. आम्ही उपाय केले. दशावताराच्या रात्री, भजन, ओमबरोबर रबराच्या मळ्यात मल्याळी कामगारांकडून चीक काढायला शिकणं. सगळं छान. पण ते सगळे मोठे लोक. ती त्यांच्यात हुशार दिसायची आणि एकटी असायची. तू जर माझं काही ऐकणार असशील तर आधी हे बघ, की अथर्वच्या सकाळी अकरा ते चारमध्ये त्याच्या वयाचं कोण आहे. अभ्यासाची काळजी करू नकोस, ते होतं. ओमसाठीही मी हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "माझे सगळे मित्र संध्याकाळी फुटबॉलला असतात, सकाळी मला कुणी नको." त्याचं तसं आहे. एकाच घरात दोन पोरं दोन तऱ्हेची.

जूनमध्ये निकाल लागला. सई ७८ टक्क्यांनी पास. मी म्हटलं, बारावीही इथूनच करू, आता सगळं माहीत झालंय. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मी कॉलेजला जाणार." यंदापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, त्यात बोर्ड बदलायचं म्हणून मायग्रेशनच्या दाखल्याची धावपळ, यादी लांबली. माझी पावत्यांची फाइल इथे कामी आली. सावंतवाडीला सायन्स मिळालं. सकाळी सव्वासहाची एसटी, बांद्यावरून सव्वा तास. परत येताना तेवढाच. हिशेब तूच कर, मी हिशेब सोडलेत.

पहिल्या आठवड्यात ती रोज थकून आली, जेवून झोपली. मी काही विचारलं नाही. परवा पुन्हा गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले होते. बस आली. धो-धो पाऊस. सई उतरली, बरोबर दोघीजणी, तिघींत एक छत्री आणि तीही उलटी झालेली. तिघी भिजून चिंब, हसून हसून वाकलेल्या. सईची नजर माझ्याकडे गेली. तिने मला बघितलं, नक्की बघितलं, आणि न बघितल्यासारखं करून त्यांच्याबरोबर वडापावच्या गाडीकडे वळली. मी जरा आत, औषधांच्या कपाटाआड सरकले. दुकानदार म्हणाला, "वैनी, आणखी काय होया?" म्हटलं, काही नको.

गणपतीची चवथ या महिन्याच्या शेवटी आहे. अथर्वला घेऊन ये. ओम त्याला रानात कवंडळं आणि कांगण्या, ही रानफळं आणायला नेईल, ती टांगून गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधायला हात लागतातच. बोलू तेव्हा सविस्तर. येताना चितळ्यांची बाकरवडी मात्र विसरू नकोस, सासूबाईंनी मुद्दाम सांगितलंय.

तुझी,
शुभा