होमरच्या बर्फवाटा राखणाऱ्यांना

अलास्कातल्या होमरला हा माझा पहिलाच हिवाळा. खाली, समुद्रात ७ किलोमीटर घुसलेल्या त्या स्पिटवर, म्हणजे चिंचोळ्या भूपट्टीवर, पाऊस पिरपिरत असतो आणि वर बेक्रेस्टच्या, लुकआउट माउंटनच्या स्कीवाटांवर गुडघाभर बर्फ! डिसेंबरात उजेड जेमतेम ६ तास. तरी सकाळी पोचावं तर वाट विंचरल्यासारखी तयार: मधे रुंद सपाट पट्टा, कडेला स्कीसाठी दोन सरळ खाचा. आदल्या रात्री कुणीतरी हेडलाइट लावून, स्नोमोबाइलमागे अवजार ओढत, एकट्याने फेऱ्या मारलेल्या असतात. पगार नाही, नाव नाही. मग मूस, म्हणजे ते अजस्र हरीण, येतो आणि खाचेतूनच ऐटीत चालत जातो. वीतभर खोल खड्डे. तेही तुम्हीच बुजवता. (मूसला कोण सांगणार?)

त्या रविवारी उतारावर मी आडवा झालो तेव्हा हसू दाबत हात देणाऱ्या आजी, तुमचे विशेष आभार. बर्फ ओलसर होता, स्कीच्या तळाला लावायचं माझं मेण चुकलं होतं. तुम्ही खिशातली मेणाची कांडी काढून, माझ्या स्कीखाली घासून, अंगठ्याने चोळूनही दिलीत. आणि माझा हरवलेला डावा हातमोजा स्प्रूसच्या फांदीला, बोटं वर करून टांगून ठेवणारे तुम्ही जे कुणी असाल, मोजा मिळाला. आतून कोरडा होता.

पार्किंगजवळच्या देणगीपेटीत थोडे पैसे टाकलेत. पुढच्या शनिवारी वाटेवर पडलेली झाडं कापायला माणसं हवी असतील, तर करवत धरायला येतो. चालवायला मात्र शिकवा.