लाट छापलीत, माणसं कापलीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीचं 'नववी लाट' हे चित्र बघून खूप आनंद झाला, पण जागा पुरली नसेल म्हणून की काय, चित्राचा खालचा भाग कापलाय आणि त्यात नेमकी माणसंच गेली हो! वर सूर्य, मधे लाट, आणि खाली लगेच मजकूर सुरू. मूळ चित्रात तिथे तुटलेल्या डोलकाठीला बिलगून मूठभर माणसं आहेत, अख्खी रात्र वादळात काढलेली, आणि ती नसतील तर उरते नुसती समुद्राची सीनरी.

चित्र १८५० चं, चित्रकार तेव्हा ३३ वर्षांचा. जन्म क्रिमियातल्या फिओदोसिया बंदरातला, आर्मेनियन घरातला, म्हणजे समुद्र दारातच, तरी हा माणूस किनाऱ्यावर बसून रंगवायचा नाही, स्टुडिओत आठवणीतून रंगवायचा, कारण लाट काय, वीज काय, ब्रशसाठी थांबत नाही असं त्याचं मत होतं. हे वाचल्यावर मला ती लाट वेगळीच दिसायला लागली. शेंड्याकडे पाणी पातळ होतं ना, तिथून ऊन आरपार आलंय, हिरव्या काचेसारखं, आणि हे सगळं डोक्यात साठवलेलं!

खलाशांची जुनी समजूत अशी की वादळात लाटा वाढत जातात आणि नववी सगळ्यात मोठी. म्हणजे ह्या माणसांच्या अंगावर ती यायचीच आहे, पण समोर सूर्यही उगवलाय, आता ही माणसं वाचणार की जाणार ते चित्रकाराने सांगितलेलं नाही आणि मला तर तेच सगळ्यात आवडतं.

माझे वडील तीस वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख होते. त्यांना मोबाईलवर पूर्ण चित्र दाखवलं तर लाटेकडे नीट बघितलंसुद्धा नाही, दोन बोटांनी झूम करून माणसं मोजत बसले आणि म्हणाले, "एकमेकांना धरून आहेत, हात सोडला नाही तर निघतील."

मूळ कॅनव्हास सव्वातीन मीटरहून जास्त रुंद आहे, सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये. आम्ही कुठे जाणार तिथे, आम्हाला पेपरातच बघायला मिळणार. म्हणून कळकळीची विनंती, एकदा परत छापा, अर्धं पान द्या, रंगीत, चारही कडा शाबूत ठेवून. वडिलांना ते कात्रण जाळ्याच्या खोलीत लावायचंय.

आपला नेहमीचा वाचक,
हर्णे, ता. दापोली